दिलेली तारीख पाळायची कशी?

(मंडळाच्या वतीने भरविलेल्या कामगार व लघुउद्योजक मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा की, कारखान्यातून गिऱ्हाइकाकडे माल उशिरा जातो, तो उशीर नियोजनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाने कसा टाळावा. आम्ही पडलो बँकेतले कारकून, त्यातून कला शाखेचे पदवीधर. लेथच्या चकवर आम्ही कधी हात ठेवलेला नाही. तेव्हा हे गृहस्थ आम्हाला काय शिकवणार, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे आणि तो रास्तच आहे. परंतु मित्रहो, कारखान्यात कोठेही उशीर झाला तरी त्याचे पाऊल शेवटी आमच्या काउंटरशी येऊन थांबते. बिल वटत नाही, हप्ता थकतो, पगाराच्या दिवशी खात्यावर पैसे नसतात. इतकी वर्षे समोरच्या खुर्चीवर बसलेल्या कारखानदारांकडून आणि त्यांच्या पीपीसी विभागातील मंडळींकडून आम्ही जे ऐकले आणि त्यामुळे जे थोडेफार वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम उशिराची किंमत काय पडते ते पाहू. समजा दहा लाख रुपयांचा माल आहे. त्याला लागलेला कच्चा माल, मजुरी वगैरे धरून आठ लाख रुपये आपण आधीच घातलेले आहेत आणि ते बँकेच्या कॅश क्रेडिटमधून उचललेले आहेत. बारा टक्के व्याज धरले तर एका महिन्याच्या उशिराला आठ हजार रुपये व्याज झाले. करारात दर आठवड्याला अर्धा टक्का दंड लिहिलेला असेल, तर चार आठवड्यांचे दोन टक्के म्हणजे वीस हजार रुपये गेले. माल अखेरीस तयार झाल्यावर नेहमीच्या ट्रान्सपोर्टची वाट न पाहता खास टेम्पो करून पाठविला, त्याचे सात हजार धरा. बेरीज झाली पस्तीस हजार. सहा टक्के नफ्याच्या हिशेबाने या कामात सुटणार होते साठ हजार. म्हणजे निम्म्याहून अधिक नफा उशिरानेच गिळला. गिऱ्हाईक पुढची ऑर्डर दुसऱ्याला देईल तो तोटा आणखी वेगळा, आणि तो कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

कायदाही या बाबतीत गाफील नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, वेळ हा करारातला मुख्य भाग असेल आणि वेळेत काम झाले नाही, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. त्याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे समोरचा पक्ष मुदत वाढवूनही देऊ शकतो. म्हणून उशीर होणार हे दिसताच मुदत उलटण्याआधी लेखी वाढ मागावी आणि लेखीच घ्यावी. फोनवर “चालेल हो” म्हणणारा खरेदी अधिकारी सहा महिन्यांनी त्या खुर्चीवर असेलच असे नाही.

जे बांधव परदेशी माल पाठवितात त्यांच्यासाठी लेटर ऑफ क्रेडिटचा नियम तर फारच काटेकोर आहे. १ जुलै २००७ पासून यूसीपी ६०० ही आंतरराष्ट्रीय नियमावली लागू आहे. बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. पतपत्रात माल जहाजावर चढविण्याची शेवटची तारीख २० असेल आणि बिल ऑफ लेडिंगवर २१ पडली, तर ती त्रुटी झाली आणि पतपत्र देणारी बँक पैसे नाकारू शकते. पतपत्राची मुदत संपण्याच्या दिवशी बँकेला नेहमीची सुट्टी असेल तर कागद पुढच्या कामाच्या दिवशी चालतात. परंतु माल चढविण्याच्या तारखेला ही सवलत मिळत नाही. ही गोष्ट नियोजन करणाऱ्याला ठाऊक असते काय? आमचा अनुभव असा की पतपत्राचा कागद हिशेब खात्याच्या फायलीत असतो आणि प्लॅनरच्या टेबलावर नुसता ऑर्डरचा नंबर असतो. ती एक तारीख त्याच्या फळ्यावर लाल खडूने लिहिली तरी बरेच काम होईल.

आपल्या समाजातील जे तरुण उद्योगात उतरले आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे, सरकारी खाती व सरकारी कंपन्या यांनी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यावयाच्या मालाचा वाटा २०१८ साली २५ टक्के करण्यात आला आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठेवलेला आहे. दार उघडे आहे, चांगली गोष्ट आहे. पण जेम या सरकारी बाजारपेठेवर उशिराला आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त दहा टक्के दंड आहे, तो सर्वांना सारखाच. तसेच २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत. हे पंचेचाळीस दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे आहेत. माल पोचायलाच महिना उशीर झाला, तर कायदा कितीही चांगला असला तरी आपला काटा फिरायला सुरुवातच झालेली नसते.

असो. आता उशीर होतो कोठे, या मुख्य मुद्द्याकडे वळू. सर्वसाधारण समज असा की उशीर शेवटच्या आठवड्यात होतो. मशीन बिघडले, ऑपरेटर गावी गेला, प्लेटिंगवाल्याने माल अडकविला. ही कारणे खरी असतात. परंतु पुष्कळ वेळा उशीर त्याच दिवशी पक्का झालेला असतो, ज्या दिवशी आपण तारीख दिली.

एक हिशेब मांडून पाहू. ऑर्डर आहे पाचशे शाफ्टची. कटिंग, टर्निंग, चावीची खाच पाडणे, बाहेरून हीट ट्रीटमेंट, मग ग्राइंडिंग, तपासणी आणि पॅकिंग. टर्निंगला नगाला सहा मिनिटे, म्हणजे एकूण पन्नास तास. ग्राइंडिंगला नगाला नऊ मिनिटे, म्हणजे पंचाहत्तर तास. जेवण, चहा, सेटिंग वजा जाता एका पाळीत खरे काम सात तास. दोन पाळ्यांत चौदा. पंचाहत्तर भागिले चौदा म्हणजे साडेपाच दिवसांच्या आत ग्राइंडिंग संपते. मालक म्हणतात, टर्निंगचे चार दिवस, हीट ट्रीटमेंटचे चार, ग्राइंडिंगचे सहा, झाले चौदा. पंधरा दिवसांत माल देतो म्हणून सांगा.

परंतु ग्राइंडिंगच्या त्या एकाच मशीनपुढे आधीच दुसऱ्या गिऱ्हाइकांचे दोनशे दहा तासांचे काम पडून आहे, हे कोणी पाहिले? दोनशे दहा भागिले चौदा म्हणजे पंधरा दिवस. म्हणजे ज्या दिवशी आपण माल द्यायचे कबूल केले, त्या दिवशी आपल्या शाफ्टला ग्राइंडरचा चाकही लागलेला नसणार. आधीची कामे त्या पंधरा दिवसांत उरकतील, तोवर आपले टर्निंग व हीट ट्रीटमेंट होऊन जाईल. मग ग्राइंडिंग साडेपाच दिवस, तपासणी-पॅकिंग एक, वाहतूक एक. तेवीस कामाचे दिवस झाले. आठवड्याला सहा दिवस धरले तर जवळजवळ चार आठवडे. या कारखान्यात पुढे कोणीही चूक केली नाही, एकही मशीन बंद पडले नाही, तरी माल उशिरानेच जाणार. मग महिनाअखेर बोलणी कोण खाणार? तर नियोजन करणारा मुलगा. ज्याला तारीख देताना कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट ही की, तारीख देण्यापूर्वी प्लॅनरला विचारण्याची पद्धत कारखान्यात पडली पाहिजे. आणि प्लॅनरजवळ त्याचे उत्तर तयार पाहिजे. त्यासाठी फार मोठा संगणक लागत नाही. ज्या एक-दोन यंत्रांवर काम नेहमी तुंबते, त्यांच्यापुढे आज किती तासांचे काम पडले आहे, एवढा एक आकडा रोज सकाळी फळ्यावर असला तरी पुरे. संगणकावरही आंधळा भरवसा ठेवू नये. जोसेफ ऑर्लिकी यांच्या १९७५ च्या पुस्तकाने साहित्य नियोजनाची जी पद्धत जगभर पसरली, तिच्या मूळ रूपात गिऱ्हाइकाच्या तारखेपासून मागे दिवस मोजत येतात. पण एका कामाला अमुक दिवस लागतात हा आकडा ठरीव असतो. समोर दहा कामे असोत की शंभर, संगणक तेच दिवस धरतो. यंत्राची कुवत वेगळी तपासली नाही, तर छापून आलेले वेळापत्रक नुसते पाहायला सुंदर असते.

दुसरी गोष्ट रांगेची. रांग म्हणजे काय हे आम्हा बँकवाल्यांना कोणी शिकवायला नको. पितळी टोकन हातात घेऊन बसलेल्या माणसांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या गर्दीवर निबंध लिहिला आणि त्यातून रांगांचे शास्त्र उभे राहिले. त्यातला साधा नमुना असा. काउंटर एकच, माणसे केव्हाही येणार, प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळ कमीजास्त. अशा वेळी कारकून ८० टक्के वेळ कामात असेल, तर माणसाला सरासरी चार कामांच्या वेळेइतके थांबावे लागते. ९० टक्के असेल तर नऊ कामांइतके. ९५ टक्के असेल तर एकोणीस. कारखान्याचे हुबेहूब असेच असते असे नाही. पण कल तोच. यंत्र एक मिनिटही रिकामे राहता कामा नये असा आग्रह धरणारे मालक नकळत रांग वाढवितात आणि मग रांगेतल्या मालाला उशीर का होतो म्हणून विचारतात. थोडी मोकळीक ठेवणे म्हणजे आळस नव्हे. वायदा पाळण्याची ती किंमत आहे.

याच विषयात अमेरिकेतील प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली एक नियम सिद्ध केला. तो इतका सोपा आहे की तिसरीतले मूलही गणित करील. कारखान्यात साठ जॉब कार्डे उघडी आहेत आणि दिवसाला चार कामे बाहेर पडतात, तर एका कामाला सरासरी पंधरा दिवस लागणार. उद्या कोणी उत्साहाने, “लवकर सुरू केले म्हणजे लवकर संपेल,” असे म्हणून एकशेवीस कार्डे उघडली आणि बाहेर पडणारी कामे मात्र चारच राहिली, तर सरासरी तीस दिवसांवर गेली. काम वाढले नाही, फक्त पसारा वाढला. ट्रेमध्ये अर्धवट माल, रस्त्यात ट्रॉल्या, कोणते काम कोणाचे ते शोधण्यात सुपरवायझरचा निम्मा दिवस. जपानमध्ये टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी कानबान कार्डांची जी रीत बसविली तिचे मर्मही हेच आहे. पुढच्याने कार्ड पाठविल्याशिवाय मागच्याने काम करायचे नाही. आपल्या छोट्या कारखान्यात एवढे जमले तरी पुष्कळ, की एक काम बाहेर गेले म्हणजे एक नवे आत घ्यावे.

तिसरी गोष्ट अडणाऱ्या यंत्राची. इस्रायलचे एलियाहू गोल्डरॅट मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी जेफ कॉक्स यांच्याबरोबर १९८४ मध्ये ‘द गोल’ हे पुस्तक लिहिले. त्याचा आशय असा की साखळीचे बळ तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकेच असते, तेव्हा आधी ती कडी शोधावी. शोधायला कठीण नाही. ज्या यंत्रापुढे नेहमी मालाचा ढीग असतो, ते अडणारे यंत्र. आमच्या उदाहरणात ते ग्राइंडर. त्याचा एक तास बुडाला तर सगळ्या कारखान्याचा तास बुडाला, कारण तो तास पुन्हा भरून निघत नाही. मग जेवणाच्या सुट्टीत दुसरा माणूस देऊन ते चालू ठेवता येईल काय? त्याच्यावर चढण्याआधीच खराब नग बाजूला काढता येतील काय, म्हणजे मौल्यवान तास रिजेक्शनवर जाणार नाहीत? एकाच व्यासाची कामे लागोपाठ लावून सेटिंग वाचेल काय? देखभाल त्याची आधी होते की सर्वांत शेवटी? हे प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. उलट ज्या यंत्राला मुळात फुरसत आहे, त्याच्यावर ओव्हरटाइम लावून ढीग वाढविण्यात काही हशील नाही.

चौथी गोष्ट जुळणीची. जेथे बरेच सुटे भाग एकत्र करून वस्तू बनते, तेथे एका वॉशरपायी सगळे अडते. वीस भाग आहेत आणि प्रत्येक भाग वेळेवर येण्याची शक्यता शंभरात पंचाण्णव आहे. ऐकायला बरे वाटते. परंतु वीसच्या वीस भाग वेळेवर हजर असण्याची शक्यता किती? पंचाण्णव शतांशाला वीस वेळा गुणले तर येते शंभरात छत्तीस. दहा भाग असतील तर साठ. प्रत्येक पुरवठादार नव्व्याण्णववर आणला तर वीस भागांचे उत्तर ब्याऐंशीवर जाते. म्हणून जुळणीच्या आदल्या दिवशी भागांची यादी घेऊन बसणे हे उशिरा शहाणपण झाले. आठ-दहा दिवस आधी पूर्ण यादी तपासावी आणि जो भाग आलेला नाही त्याच्या मागे लागावे. पूर्ण संच हाती नसेल तर जुळणी सुरूच करू नये. नाहीतर अर्धवट सांगाडे जागा अडवून बसतात. बाहेरून करून घेण्याच्या कामात आठवड्याची सुट्टीसुद्धा धरावी लागते. पुणे-पिंपरी भागात कारखान्यांची सुट्टी बहुधा गुरुवारी. प्लेटिंगवाला रविवारी बंद ठेवणारा असेल, तर चार दिवसांच्या कामाचे सहा दिवस होतात आणि कोणाला कळतही नाही.

आता पाचवी गोष्ट. सर्व काळजी घेऊनही सगळी कामे वेळेत बसत नाहीत असा प्रसंग येतोच. मग आधी कोणाचे करावे? येथे सहसा ज्याचा आवाज मोठा त्याचे काम पुढे जाते. सकाळी एक फोन येतो, चढविलेले काम उतरवितात. दुपारी दुसरा येतो, ते उतरवून तिसरे चढवितात. दिवसभर सेटिंगच चालते. यापेक्षा कागद घेऊन बसावे.

चार कामे आहेत. पहिले चार दिवसांचे, वायदा पाचव्या दिवसाचा. दुसरे तीन दिवसांचे, वायदा आठव्याचा. तिसरे सहा दिवसांचे, वायदा अकराव्याचा. चौथे दोन दिवसांचे, वायदा तेराव्याचा. ज्याचा वायदा आधी त्याचे काम आधी, हा नियम लावला तर पहिले चौथ्या दिवशी आणि दुसरे सातव्या दिवशी संपते, दोन्ही वेळेत. तिसरे तेराव्या दिवशी, दोन दिवस उशीर. चौथे पंधराव्या दिवशी, तेही दोन दिवस उशीर. या नियमाचा गुण असा की सर्वांत जास्त उशीर होतो तो कमीत कमी राहतो. एका यंत्रापुरते हे १९५५ साली जॅक्सन यांनी दाखवून दिले. पण दोन गिऱ्हाइके नाराज झाली. मूर यांची १९६८ ची रीत उशीर होणाऱ्या कामांची संख्या कमी करते. त्या रीतीने मोठे तिसरे काम शेवटी टाकले, तर चौथे नवव्या दिवशी होऊन जाते आणि फक्त तिसऱ्याला उशीर होतो, परंतु तो चार दिवसांचा.

कोणते बरे? हे गणित सांगू शकत नाही, माणसाने ठरवायचे आहे. आणि माणसाजवळ तिसरा मार्गही असतो. तिसऱ्या गिऱ्हाइकाला आजच फोन करावा. “साहेब, अकराव्या दिवशी दोन तृतीयांश माल नक्की देतो, उरलेला पंधराव्या दिवशी. आपली लाईन थांबणार नाही ना?” पुष्कळदा त्याला सगळा माल एकदम लागतच नसतो. तो हो म्हणाला, तर सातव्या दिवसापासून त्याचे चार दिवसांचे काम करून अकराव्या दिवशी पाठवावे, मग चौथे काम तेराव्या दिवशी बरोबर वेळेत द्यावे, आणि उरलेले दोन दिवसांचे पंधराव्या दिवशी संपवावे. एक सेटिंग जास्त लागेल, तेवढा वेळ धरून ठेवावा. पण लाईन कोणाचीच थांबली नाही. हा फोन पहिल्या दिवशी केला तर ती सूचना असते. अकराव्या दिवशी केला तर ती सबब होते. शब्द तेच असतात.

येथे ओव्हरटाइमविषयी दोन शब्द बोलणे आम्हाला अगत्याचे वाटते. चुकलेल्या तारखेची भरपाई बहुतेक ठिकाणी कामगाराच्या झोपेतून आणि त्याच्या सुट्टीच्या दिवसातून होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक पूज्य बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असतानाचे आहे. ते तास सहजासहजी मिळालेले नाहीत. ओव्हरटाइमला दुप्पट दर द्यावा असे कायदा सांगतो, त्याचे कारणही हेच की तो नेहमीचा खुराक होऊ नये. कधीतरी अडचणीला दोन तास थांबणे निराळे आणि दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रात्री जागविणे निराळे. थकलेल्या हाताने केलेला माल परत येतो, कधी बोटही जाते. तेव्हा नियोजनाच्या टेबलावर बसलेल्या आपल्या मुलांनी ही जाणीव ठेवावी, की आपण कागदावर एक तारीख चुकीची लिहितो तेव्हा तिची फेड खाली यंत्रावर उभा असलेला कोणीतरी करतो. बहुधा तो आपल्याच वस्तीतला असतो.

महिनाअखेरचे हे वादळ आम्हाला काउंटरवरूनही दिसते. पंधरा-वीस तारखेपर्यंत खात्यावर शांतता आणि अखेरच्या चार दिवसांत बिलांचा पाऊस. विक्रीचा आकडा महिन्याला मोजतात म्हणून असे होते. त्या धावपळीत मोठ्या रकमेची सोपी कामे आधी जातात, वायद्याची अवघड कामे मागे राहतात, आणि पुढचा महिना उशिरानेच उजाडतो. आकडा आठवड्याला मोजला तरी पुष्कळ फरक पडेल.

मग प्लॅनरने रोज करायचे काय? सकाळी पंधरा मिनिटे. टेबलावर बसून नव्हे. शॉपवर फिरून, उभ्याने. फळ्यावर प्रत्येक कामापुढे चार गोष्टी असाव्यात. गिऱ्हाइकाला दिलेली पहिली तारीख, काम आज कोठे आहे, अडणाऱ्या यंत्रावरचे किती तास बाकी आहेत, आणि वायद्याला किती दिवस उरले. उरलेल्या दिवसांना उरलेल्या कामाच्या दिवसांनी भागावे. दहा दिवस उरले आणि काम आठ दिवसांचे, तर सव्वा, ठीक आहे. सहा दिवस उरले आणि काम आठ दिवसांचे, तर पाऊण. आजच काही केले पाहिजे. एकापेक्षा कमी आकडा आला की ते काम लाल. रोज फक्त लाल कामांवर बोलावे, बाकीची आपल्या चालीने जाऊ द्यावीत.

राखीव दिवस ठेवावेत, पण ते सगळीकडे वाटू नयेत. प्रत्येक खात्याने आपापले दोन दिवस लपवून ठेवले तर ते चहात जातात. त्याऐवजी सर्व मिळून, समजा नऊ दिवस, वायद्याच्या अलीकडे एकत्र ठेवावेत. पहिले तीन खर्च झाले तर चिंता नको. पुढचे तीन खर्च होऊ लागले तर तोडगा शोधावा. शेवटच्या तिनांत शिरलो तर तो अमलात आणावा आणि गिऱ्हाइकाला कळवावे. घरातही आई डाळीचा थोडा साठा वेगळा ठेवते, तो प्रत्येकाच्या खिशात वाटून देत नाही.

शेवटी मोजमाप. किती माल वेळेवर गेला हे पहिल्या दिलेल्या तारखेशी ताडून मोजावे. काही ठिकाणी तारीख उलटली की संगणकात नवी तारीख टाकतात आणि महिनाअखेर अठ्ठ्याण्णव टक्के वेळेवर असा अहवाल निघतो. अहवाल हिरवा, गिऱ्हाईक मात्र लाल. तारीख बदलावी लागली तर बदला, पण पहिली खोडू नका. आणि ज्या मुलाने खरा आकडा सांगितला त्याला मालकाने ओरडू नये. ओरडला की पुढच्या वेळी तो गोड आकडा सांगेल. लहान कारखान्यात नियोजन बिघडते ते बहुधा येथेच. खाली काय चालले आहे ते वर खरे सांगण्याची हिंमत आणि वर ते ऐकून घेण्याची तयारी असली, तर बाकीची गणिते फळ्यावर होतात.

वेळ झाली आहे याची कल्पना आहे. वायद्यावर बोलणाऱ्याने भाषणाचा वायदा मोडणे बरे नव्हे. आपल्यापैकी जे नियोजनाच्या कामावर आहेत त्यांना एवढीच विनंती की, उद्या कामावर गेल्यावर सर्वांत तुंबणाऱ्या यंत्रापुढे उभे राहून तेथे पडलेल्या कामाचे तास मोजा आणि तो आकडा तारीख देणाऱ्या माणसाच्या हाती द्या. जे उद्योजक आहेत त्यांनी तो आकडा विचारल्याशिवाय पुढची तारीख देऊ नये.